पाहुण्यांचा संसार : राणीच्या बागेतली झाडं, जानेवारी ते जुलै

यंदा जातींची यादी वाढवणं मी मुद्दाम थांबवलं. मुंबईतल्या राणीच्या बागेत तीन हजारांवर झाडं आणि २८०हून जास्त जाती. त्यांच्यावर खुणा करत सुटलं की एकच झाड दुसऱ्यांदा बघायचं राहून जातं. त्याऐवजी डझनभर झाडं धरली. बहुतेक बाहेरदेशची, आणि ताळा जमवायला दोन-तीन आपली. वहीत प्रत्येकासाठी प्रश्न एकच : या पाहुण्याचा संसार इथे लागला का? नुसतं फुलणं मी संसारात धरत नाही. फुलावर कोण येतं, फळ धरतं का, फळात बी भरतं का, आणि ते बी माळ्यानं न लावता कुठे रुजतं का? एवढं सगळं जुळलं तर झाड या शहरात राहायला आलं म्हणायचं. नाहीतर ते अजून पाहुणचारावरच आहे.

हा प्रश्न याच बागेला विचारण्यात गंमत आहे, कारण नुसती हवा खायची जागा म्हणून ही बाग झालेली नाही. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या मंडळानं १८३५मध्ये शिवडीला वनस्पतिबाग केली होती. ती जागा पुढे सरकारला युरोपियनांच्या दफनभूमीसाठी हवी झाली, आणि बागेनं माझगावच्या माउंट इस्टेटवर बिऱ्हाड हलवलं. तिथे ३३ एकर मिळाले. १९ नोव्हेंबर १८६२ला गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर यांनी ती लोकांसाठी खुली केली. नाव, व्हिक्टोरिया गार्डन्स. १८७३मध्ये सोसायटीच आटोपली आणि कारभार नगरपालिकेकडे आला. प्राणी त्याच्याही नंतरचे : १८९०मध्ये पंधरा एकर जोडून प्राणिसंग्रहालय झालं. म्हणजे वाघ-सिंह इथले उशिरा आलेले भाडेकरू आहेत. सुट्टीच्या दिवशी भायखळा स्टेशनवरून लोटणाऱ्या गर्दीला हे सांगून उपयोग नाही, पण आपल्यासारख्यांनी विसरू नये.

शेजारचं संग्रहालय १८७२ला उघडलं. १९७५पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. बागेच्या आणि संग्रहालयाच्या, दोन्ही कामांत जॉर्ज बर्डवुड होते. पेशानं डॉक्टर, आणि मुंबई इलाख्यातल्या वनस्पतिज मालाची सूची करणारे. या प्रांतात काय पिकतं, काय विकतं, काय बनतं, ते आत कपाटांत मांडायचं आणि त्याची जिवंत बाजू बाहेर जमिनीत लावायची, अशी ती जोडी मला दिसते. झाडं बघायला आलात तरी तासभर काढून आत जाऊन या. बाहेरच्या झाडांकडे बघायची नजर बदलते.

आणि नीट पाहिलं तर या आवारात झाडांखेरीजही जवळपास सगळं उचलून आणलेलंच आहे. संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलेफंटा म्हटलं. १८६४मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, आणि तुकडे इथे आले. १९१४मध्ये ते जोडून त्याला पुन्हा उभा केला. सातव्या एडवर्डचा घोडेस्वार पुतळा, म्हणजे काळा घोडा चौकाला नाव देणारा खुद्द काळा घोडा, १९६५पासून इथे आहे. २०१६मध्ये सेऊलहून हम्बोल्ट पेंग्विन आले आणि आता त्यांची पिल्लंही इथेच जन्माला येतात. म्हणजे पेंग्विनांचा संसार लागला. तेवढा माझ्या काही झाडांचा लागलेला नाही.

आता नोंदीची पद्धत, थोडक्यात. कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं, बी असे रकाने, आणि प्रत्येकात तीनच शेरे : नाही, थोडं, भरपूर. टक्के लिहायच्या फंदात पडू नका. एकाच झाडाला दोन माणसं कधीच एक टक्का देत नाहीत. शेवटचा रकाना ‘कोण आलं’. दुर्बीण आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. फूल तोडायचं नाही, पडलेलंच उचलायचं.

नकाशा हातानं काढा. गर्द सावलीत फोनवरचा ठिपका शेजारच्या झाडावर जाऊन बसतो. आणि खूण म्हणून पिंजरे कधीही धरू नका. पिंजरे हलतात, वाटा वळतात, अमक्या प्राण्यासमोरचं झाड पुढच्या वर्षी कशासमोर असेल सांगता येत नाही. घड्याळाचा मनोरा, संग्रहालयाची इमारत, दगडी हत्ती हे हलत नाहीत (हत्तीला एकदा हलवून पाहिलं, काय झालं ते वर लिहिलंच आहे). २००७मध्ये प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या पुनर्रचनेचा आराखडा पुढे आला, तेव्हा झाडांसाठी मुंबईकर उभे राहिले. सेव्ह राणीबाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन त्यातलंच. त्या वेळी झाडांची मोजदाद आणि नोंदी हाताशी असणं किती कामाला येतं ते सगळ्यांना कळलं. आपल्या वह्यांचा उपयोग कधी होईल याचा नेम नाही, म्हणून जागा नीट लिहा.

जानेवारी, फेब्रुवारी

थंडीत सगळं लक्ष उर्वशीच्या झाडावर. ही ब्रह्मदेशची. वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८२०च्या दशकात ती मार्तबानच्या बाजूला एका मठाच्या आवारात लावलेली दिसली, आणि गव्हर्नर जनरलच्या बायकोच्या, लेडी ॲमहर्स्टच्या नावावरून तिचं शास्त्रीय नाव पडलं. मूळ रानात ती क्वचितच सापडते. जी दिसते ती देवळांत, मठांत, बागांत. म्हणजे घरच्या मुलखातही ही माणसांच्याच आश्रयानं राहिलेली.

फुलांचे लांब घोस खाली सुटलेले, लाल, आणि मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. फूल दोन-तीन दिवसांत संपतं, त्यामुळे ‘पुढच्या रविवारी बघू’ इथे चालत नाही. ‘कोण आलं’च्या रकान्यात शिंजीर आहे, मुंग्या आहेत, एकदा एक काळा भुंगा जवळून गेला, पण थांबला नाही. शेंगांच्या रकान्यात ‘नाही’च ‘नाही’. हे काही आपल्याकडचंच नाही. लागवडीतली उर्वशी जगभर बी धरायला कुचराई करते. इथल्या माळीमामांना विचारलं तर ते हसले. ‘ताई, हिला गुटी बांधायची. बियांची वाट बघत बसलात तर रिटायर व्हाल.’ गुटीनं, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून, वाढत आलेल्या झाडाचा संसार आपण मांडून दिलेला. तिचा तिनं मांडलेला नाही.

त्याच दिवसांत सावर बहरली. सावरीचं सांगायला नको : कावळे, मैना, बुलबुल, शिंजीर, सगळी पंगत. घरच्या झाडावर किती गर्दी असते ते एकदा मोजून ठेवलं की पाहुण्याकडचा शुकशुकाट डोळ्यांत भरतो.

मार्च

या सात महिन्यांतला सगळ्यात भरगच्च महिना. एकाच सकाळी तीन झाडांवर एकच गोष्ट दिसली आणि पुढचे कित्येक दिवस मी तिच्याच मागे होते.

सीता अशोक आपला. पश्चिम घाटाच्या, कोकणाच्या रानातला. उर्वशी ब्रह्मदेशची. ब्राउनिया दक्षिण अमेरिकेची. तिघांमध्ये समुद्र आणि खंड पसरलेले. पण तिघांची कोवळी पालवी बघा : फांदीच्या टोकाला अख्खा जुडगा एकदम बाहेर पडतो, गुलाबी-तांबूस, आणि दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या रुमालासारखा खाली लोंबतो. हात लावला तर पान मऊ, जीव नसल्यासारखं. नवख्या माणसाला वाटतं झाडाला पाणी कमी पडलं. मग काही दिवसांत तीच पानं हिरवी होतात, ताठ होतात, आडवी उभी राहतात.

कारण दुहेरी सांगतात. कोवळ्या पानात हरितद्रव्य आणि पोषण उशिरा भरायचं. तोवर अळीनं खाल्लं तरी झाडाचं नुकसान कमी. आणि लोंबतं, तांबूस पान भर उन्हाचा मारा अंगावर कमी घेतं. ताठपणा आणि हिरवेपणा दोन्ही एकदमच येतात, हे मी रोज एकाच डहाळीचे फोटो काढून ताडलं. अशोकाच्या डहाळीला सुतळी बांधून ठेवली होती. ती कुणीतरी काढून नेली, पण तोवर पानं हिरवी झाली होती.

तिघंही शेंगवाल्या कुळातल्या एकाच पोटशाखेतली, डेटॅरिऑइडीमधली. त्या शाखेत आणखी कोण आहे माहीत आहे? आपली चिंच. तीही मूळची आफ्रिकेची, पण इतकी जुनी की आमटीत घालताना कुणाला ती परदेशी वाटत नाही. माझ्या वहीतल्या कसोटीवर पूर्ण उतरलेला पाहुणा पाहिजे असेल तर चिंच. फुलं बारीक, पण मधमाश्या येतात, चिंचा धरतात, माणसं, माकडं खातात, चिंचोके कुठेही पडतात आणि उगवतात. (गोरखचिंचेचा हिच्याशी काही संबंध नाही. ती सावरीच्या गोतातली. तिच्याकडे जूनमध्ये येते.)

फुलांचं बोलू. अशोकाच्या फुलाला पाकळ्या नसतात. आपण ज्याला पाकळी समजतो तो रंगीत निदलपुंज, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण. उमलतं तेव्हा पिवळं-केशरी, जुनं होताना लाल. त्यामुळे एकाच गुच्छात दोन-तीन रंग एकत्र दिसतात. ज्यांनी आजवर सोसायटीच्या कुंपणालगतचा उंच, सरळसोट, लाटदार पानांचा ‘अशोक’च पाहिलाय त्यांनी मार्चमध्ये मुद्दाम इथे यावं. तो वेगळाच वृक्ष, सीताफळाच्या कुळातला. खऱ्या अशोकावर शिंजीर, फुलपाखरं, माश्या, सगळं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला चपट्या शेंगा दिसायला लागल्या.

ब्राउनियाचे लाल चेंडू पानांच्या आत लपलेले असतात. खालून वर बघायची सवय नसेल तर दिसतच नाहीत. तिच्या मायदेशी परागीकरणाचं काम गुणगुण पक्ष्यांचं, म्हणजे हमिंगबर्डचं. ते अमेरिका खंडाबाहेर नाहीत. इथे शिंजीर येतो. पण गुणगुण पक्षी हवेत तरंगत समोरून चोच घालतो, तर शिंजीर शक्यतो बसून पितो. दुर्बिणीतून बघितलं तर तो चेंडूच्या कडेला लटकून बाजूनं मध काढताना दिसतो, आणि लांब बाहेर आलेल्या पुंकेसरांना त्याचं डोकं दर वेळी लागतंच असं नाही. मध जातो, काम होतं की नाही शंका. जूनअखेरपर्यंत मी धरलेल्या झाडावर एकही भरलेली शेंग दिसली नाही. तुमच्या भागातल्या ब्राउनियावर दिसली असेल तर मला ते फार हवं आहे.

एप्रिल, मे

बहावा, तामण, गुलमोहर वेळेवर. यांच्याबद्दल सगळेच लिहितात, मी पुढे जाते. रेन ट्रीची नोंद मात्र ठेवतेय. गेल्या दशकात मुंबईभर पिठ्या ढेकणांनी त्यांची दैना केली, रस्तेच्या रस्ते वाळले. म्हणून फांद्यांवरचा पांढरा कापूस हा माझ्या वहीत वेगळा रकाना आहे. यंदा माझ्या झाडावर थोडा.

उन्हाळ्यातला खरा मुक्काम कैलासपतीखाली. बाया पडलेलं फूल उचलून डोळ्यांना लावतात, पर्समध्ये ठेवतात. शंकराच्या पिंडीवर नागाचा फणा दिसतो म्हणून. झाड मात्र गयाना आणि ॲमेझॉनच्या बाजूचं. मुलखापासून इतक्या लांब येऊन देव्हाऱ्यात जागा मिळवणारं दुसरं झाड या बागेत नसेल.

भिंग काढून तो फणा बघा. या फुलात मध नाही. पाहुण्याला द्यायला फक्त पराग, आणि पराग दोन तऱ्हेचे. मधल्या बीजकोशाभोवती पुंकेसरांचं एक कडं, त्यातले पराग बी धरवणारे. वर वाकलेल्या फण्यातले पराग वांझ, नुसते खाऊ म्हणून. भुंगा फण्यातला खाऊ गोळा करायला आत शिरतो आणि त्याच्या पाठीला खालच्या कड्याचे पराग लागतात. मायदेशी हे करणारे मोठे भुंगे आणि मधमाश्या. आपल्याकडे ते काम आपला काळा भुंगा करतो. सकाळी लवकर या, उन्हं चढली की तो दिसत नाही. खोडावर लगडलेले फळांचे तोफगोळे हा त्याच्या कामाचा पुरावा. फळ पिकायला वर्षभर तरी लागतं, म्हणून एकाच खोडावर यंदाची फुलं आणि गेल्या साली धरलेली फळं शेजारी शेजारी.

पण संसार अर्ध्यावर अडतो. तिकडे पडून फुटलेलं फळ रानडुकरांसारखे प्राणी खातात आणि बिया घेऊन जातात. इथे ते जमिनीवर फुटतं, घाण वास सुटतो, लोक नाक दाबून वाट बदलतात आणि सफाईवाला ते भरून नेतो. वाटेकडेला बिया पडलेल्या दिसतात, रोप दिसत नाही.

मे महिन्यात वयाचा एक वाद ऐकला, म्हणून लिहिते. एक आजोबा नातवाला एका जाड खोडाकडे बोट दाखवून ‘हे पाचशे वर्षांचं’ म्हणत होते, आणि दुसरे ‘हजार’ म्हणत होते. मंडळी, आपल्या हवेत बहुतेक झाडांच्या वर्षाकाठच्या रिंगा भरवशाच्या नसतात, आणि घेरावरून वय काढणं म्हणजे अंदाजपंचे. गोरखचिंचेचं तर विचारूच नका. तिचं खोड पाणी साठवतं, दुष्काळात आकसतं, म्हातारपणी पोकळ होतं. लेखी कागद जास्त भरवशाचा. सोसायटीनं इथे लावलेलं झाड १८६०च्या आधीचं असणार नाही. त्याआधीपासून उभं असेल तरच गोष्ट वेगळी, आणि तसं म्हणायला पुरावा लागतो. घेर मोजायचाच तर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजा, दर वर्षी त्याच उंचीवर. आकडा वयासाठी नाही, वाढीसाठी.

जून, जुलै

गोरखचिंच सगळा उन्हाळा उघडीबोडकी होती. पावसाच्या चाहुलीला तिला पानं फुटली, हाताच्या पंजासारखी पाच-सात पर्णिका एका देठावर. मग लांब देठांवर लोंबणाऱ्या गोल कळ्या. फूल संध्याकाळी उमलतं, रात्रभर काम करतं आणि दुसऱ्या दिवशी गळतं. अडचण अशी की बाग त्याआधीच रिकामी करतात, आणि बुधवारी तर बंदच असते.

तर मग सकाळचा पुरावा. दार उघडल्या उघडल्या आत जाऊन पडलेली पांढरी फुलं उचलायची, पावसानं काळी पडायच्या आत. बऱ्याच फुलांच्या पाकळ्यांवर बारीक, तपकिरी झालेले ओरखडे होते. ते वटवाघळाच्या नखांचे. वटवाघूळ फुलाला लटकून मध पितं आणि त्याच्या छातीवर पराग माखतात. आफ्रिकेत हे काम वटवाघळं करतात, आणि आपल्याकडेही वटवाघळंच. जात वेगळी, रीत तीच. हा ओरखडा दिसल्यावर मी इतकी खूश झाले की शेजारी उभ्या वॉचमननं विचारलं, ‘काय सापडलं, ताई? पैसे?’

अरब व्यापारी, पोर्तुगीज, आफ्रिकेहून आलेली माणसं, कुणाकुणाबरोबर गोरखचिंच किनाऱ्यावर आली याच्या कथा बऱ्याच. वसईच्या किल्ल्याच्या परिसरातही ती आहे. तिचं फळ तिकडे हत्ती, माकडं आणि माणसं खातात. राणीच्या बागेत हत्ती असायचे, पोरांना पाठीवर फिरवायचे. गोरखचिंचेच्या सावलीतून त्यांची फेरी कधी गेली असेल का, हा माझा फावल्या वेळचा विचार. फळं धरलीत. पिकायला अजून काही महिने आहेत, तेव्हा ‘कच्ची फळं’ रकान्यात ‘थोडं’ आणि ‘बी’ रकाना कोरा.

आतापर्यंतचा ताळा : चिंच पूर्ण वसलेली. गोरखचिंच बरीचशी. कैलासपती फळापर्यंत. ब्राउनिया फुलापर्यंत, उर्वशीही. अशोकाचं काय, ते शेंगा उकलल्यावर. घरचा आहे म्हणून त्याला गुण फुकट देणार नाही.

पुढचं काम. ऑगस्टमध्ये अशोकाच्या गळलेल्या शेंगा गोळा करून किती भरलेल्या आणि किती पोचट ते बघायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात कोल्विलिया, मादागास्करची, केशरी घोसांची. गुलमोहरही मादागास्करचाच, आणि दोघांची ओळख युरोपातल्या शास्त्रज्ञांना करून दिली ती बोयर या एकाच माणसानं. एकाला मुंबईचा प्रत्येक रस्ता मिळाला, दुसरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बागांत राहिली. का, ते तिच्या शेंगा बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. शहरात आणखी कुठे तिची झाडं तुमच्या पाहण्यात असतील तर जागा कळवा. तिकीट पन्नास रुपये, आणि शक्यतो शनिवार-रविवार टाळून या.